न उघडलेला लेमन सेट

दारातच सरितानं खोकं हातात दिलं आणि लतिकाबाईंनी ते सवयीनं उलटं केलं.

खरं तर देणारीच्या डोळ्यांदेखत असं करू नये. पण हाताला जी सवय लागली ती लागली. खोक्याच्या बुडाशी कुणी पेन्सिलीनं, कुणी निळ्या शाईनं, कुणी लाल बॉलपेननं बारीक अक्षरांत काहीबाही लिहून ठेवलं होतं, आणि त्यातली सगळ्यांत वरची, सगळ्यांत पुसट ओळ खुद्द लतिकाबाईंच्या हातची होती. ‘शु. व. गौ. बारसं.’

शु. व. म्हणजे शुभांगीवन्सं. गौ. म्हणजे गौरांग, लतिकाबाईंचा एकुलता एक मुलगा, आता बत्तीस वर्षांचा आणि एका लेकीचा बाप. आणि शुभांगीवन्सं, म्हणजे लतिकाबाईंची थोरली नणंद, या घटकेला दारापासून दहा पावलांवर सोफ्यात बसल्या होत्या. हातात पाण्याचा पेला, पायाशी इगतपुरीहून आणलेली कापडी पिशवी, नाकावर चष्मा. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. तिसऱ्या बाकावरच्या पोराच्या मुठीतली चिंच तिला फळ्याकडे तोंड करून दिसायची, असं म्हणत.

"अगं, रिकाम्या हातानं कसं यायचं?" सरिता म्हणाली. ही लतिकाबाईंची भिशीतली मैत्रीण. "ते क्यूआर का काय, ते मला नाही जमत बाई. म्हटलं, आपलं काहीतरी हातात असावं. लेमन सेट आहे. जग आणि सहा ग्लास."

"माहीत आहे," लतिकाबाई म्हणून गेल्या, आणि पटकन, "म्हणजे, दिसतंय ना वरून," असं म्हणून त्यांनी खोकं पदराखाली घेतलं. जगासकट सहा ग्लास पदराखाली मावत नाहीत, पण करणार काय.

ही खुणांची पद्धत काही एकट्या लतिकाबाईंची नव्हे. आलेली भेट फोडायची नाही. फोडली की ती आपली झाली, म्हणजे फुकट गेली. तशीच माळ्यावर ठेवायची, कुणाकडून आली ते बुडाशी बारीक लिहायचं, आणि पुढच्या वास्तुशांतीला, मुंजीला, साखरपुड्याला काढायची. लिहायचं एवढ्यासाठीच की ज्याचं त्यालाच परत जाऊ नये. तसं झालं तर मग नाक कापून हातात. लतिकाबाईंच्या माळ्यावर अशी एकोणीस खोकी होती आणि आजवर एकदाही चूक झालेली नव्हती. या हिशेबात त्यांचा हात धरणारं भिशीत कुणी नव्हतं.

या एका लेमन सेटचा मात्र त्यांना नुसता हिशेब नव्हता, राग होता. बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते. कानात कुर्र करायचा मान तिचा, मग बाळाच्या अंगावर काहीतरी घालायचंही तिनंच. साखळी नाही, निदान चांदीचं वाळं तरी. शुभांगीवन्सं एकट्या, लग्न केलेलं नाही, पगार हातात, खर्च तो काय? आणि एकुलत्या एक भाच्याच्या बारशाला लेमन सेट! बरं, त्यानंतर तरी काही? पहिला वाढदिवस कोरडा, दुसरा कोरडा. पुढं पुढं तर त्या यायच्याच बंद झाल्या. कार्यापुरत्या यायच्या, जेवायच्या, ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच बोलायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. लतिकाबाईंनी तो लेमन सेट वर्षाच्या आत कुणाच्या तरी वास्तुशांतीला देऊन टाकला होता आणि हात झटकले होते.

आज संपदानं, म्हणजे सुनेनं, स्वतः फोन करून आत्यांना बोलावलं होतं. इराचा पहिला वाढदिवस. आणि आत्या आल्या होत्या. तेवढ्यात हे.

लतिकाबाई तडक आतल्या खोलीत गेल्या. खोकं पलंगाखाली ढकलण्यापूर्वी त्यांनी बुड पुन्हा एकदा वाचलं, कारण न वाचून राहवेना. त्यांच्या ओळीखाली चार घरांच्या चार ओळी होत्या. पहिली अशी: ‘ल. कडून. वास्तुशांत. नेहमीसारखंच.’

ल. म्हणजे कोण ते सांगायला नको. नेहमीसारखंच! ते तिरकं अक्षर कुणाचं हे लतिकाबाईंना तत्काळ कळलं, आणि त्या घरी यापुढे हळदीकुंकवाला पाय ठेवायचा नाही हेही तिथंच ठरलं. मग त्या घाम पुसून बाहेर आल्या.

बाहेर दिवाणखान्यात चिंतामणराव टेबलाशी उभे होते. टेबलावर केक, आणि केकच्या शेजारी चौकट. चौकटीत इराचा बोळकं दाखवणारा फोटो, त्याखाली काळ्या ठिपक्यांचा चौकोन आणि मजकूर: ‘भेटवस्तू आणू नयेत. आग्रहच असेल तर इराच्या कॉलेजला हातभार लावावा.’

यावरून घरात आठ दिवस महाभारत झालं होतं.

"म्हणजे लोकांकडे पैसे मागायचे?" लतिकाबाई म्हणाल्या होत्या.

"पैसे नाही आई, कॉलेज," संपदा म्हणाली होती.

"एक वर्षाच्या मुलीचं कॉलेज? तिला अजून दात चारच आलेत!"

"गौरांगच्या फीच्या वेळी तुम्ही पाटल्या मोडल्यात ना? मला इराच्या वेळी काही मोडायचं नाही."

यावर लतिकाबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. चिंतामणराव मात्र पार्टी बदलून सुनेकडे गेले. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये अडतीस वर्षं नोकरी केलेला माणूस. जन्मभर नोटांच्या सहवासात राहिला, आणि आज घरात एकही नोट न येता पैसे येत होते याचं त्यांना भारी कौतुक. प्रत्येक पाहुण्याचा फोन स्वतः त्या ठिपक्यांवर धरत होते आणि ‘टिंग’ झालं की टाळी वाजवत होते.

"लतिका, ते खोकं कुठाय गं?" त्यांनी हाक मारली. "सरिताताईंनी आणलेलं. संपदा म्हणते, एकच भेट आली आहे तर सगळ्यांसमोर उघडू. इराचा फोटो होईल."

"राहू दे ना. मागाहून बघू. काचेचं आहे, पोरीला लागेल."

"लागतंय कशाला? मी आहे ना." आणि हा मदतीला सदैव तत्पर नवरा आत जाऊन पलंगाखालून खोकं घेऊनही आला. "पलंगाखाली काय ठेवतेस? वेंधळी कुठली."

चोराच्या मनात चांदणं. खोकं टेबलावर येताच लतिकाबाईंची नजर आधी सोफ्याकडे गेली. वन्संनी पेला खाली ठेवला. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. खोक्याच्या झाकणावरचा पारदर्शक कागद पिवळा पडला होता, पण आतल्या जगावरची हिरवी लिंबं आणि ग्लासांच्या सोनेरी कडा अजून दिसत होत्या. वन्सं थोड्या पुढे वाकल्या. नुसत्या बघत राहिल्या.

संपलं, लतिकाबाईंना वाटलं. आता त्या उठतील, पिशवी उचलतील, जातील. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गोतावळ्यात होईल की लतिकानं नणंदेचा आहेर वाटून टाकला, आणि तो फिरून तिच्याच दारात आला. खुद्द नातीच्या वाढदिवसाला! देवा रे.

संपदानं इराला टेबलावर बसवलं आणि कात्रीनं चिकटपट्टी कापली. पाहुणे पुढे सरकले. जग निघाला. एक ग्लास, दुसरा, तिसरा. सगळे धड. इराला ग्लासांत काडीचा रस नव्हता. तिनं दोन्ही हात खोक्यात घातले, तळाचा पुठ्ठा ओढून काढला आणि पुठ्ठ्याखालून एक पिवळट लिफाफा उपसून सरळ तोंडात घातला.

"अगंबाई, पाकीट!" कुणीतरी म्हणालं. "सरिता, छुपी रुस्तम निघालीस की!"

"मी? मी नाही ठेवलं," सरिता म्हणाली. आणि आपण काय बोलून बसलो हे लक्षात येऊन लाल झाली.

गौरांगनं लेकीच्या तोंडातून लिफाफा सोडवला. वर लिहिलं होतं, ‘चि. गौरांग’. त्यानं चक्रावून सगळ्यांकडे पाहिलं, लिफाफा फोडला आणि लतिकाबाई ‘थांब’ म्हणेपर्यंत मोठ्यानं वाचायला सुरुवातही केली.

"सौ. लतिकास अनेक आशीर्वाद. ग्लासांकडे पाहू नकोस, ते वरून दिसायला आहेत. सोबत पासबुक आहे. गौरांगच्या नावानं आमच्या पोस्टात खातं उघडलं आहे, त्याच्या कॉलेजसाठी. आज पाचशे एक घातले. पासबुक तुझ्यापाशी ठेव. दर वाढदिवसाला ते आणि गौरांगला घेऊन माझ्याकडे ये, मी भर घालत जाईन. पोस्ट शाळेच्या समोरच आहे. चिंतामणला यातलं काही कळू देऊ नकोस, तो स्कूटर घेऊन मोकळा होईल. शुभांगी."

लिफाफ्यातून एक पिवळं पडलेलं पासबुक गौरांगच्या हातात आलं. इरानं तेवढ्यात केकवर हात मारला, तरी कुणी ओरडलं नाही.

"स्कूटर मी तशीही घेतलीच होती," चिंतामणराव बारीक आवाजात म्हणाले.

सरितानं पर्समधून फोन काढला, नातवाच्या वयाच्या एका मुलीला बाजूला घेतलं आणि चौकटीतल्या ठिपक्यांवर कसा धरायचा ते शिकायला लागली. थोड्या वेळानं ‘टिंग’ झालं. टाळी वाजवायचं चिंतामणरावांना सुचलं नाही.

लतिकाबाई स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याशी उभ्या राहिल्या. काय करायला आलो ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी लिंबं काढली आणि कापायला घेतली. मागून पावलं वाजली. वन्सं एका हातात जग आणि काखेत रिकामं खोकं घेऊन आल्या होत्या.

"हा धुवायला लागेल," त्या म्हणाल्या.

"ठेवा, मी धुते."

वन्संनी ऐकलं नाही. नळ सोडला, जग विसळला, उजेडात धरून पाहिला. छत्तीस वर्षं वह्या तपासल्या त्याच नजरेनं.

"वन्सं, मी उघडलंच नाही हो," लतिकाबाई एकदम म्हणाल्या. सुरी हातातच राहिली. "देवाशप्पथ. मला वाटलं, लेमन सेटच आहे."

"तसंच वाटावं म्हणून ठेवलं होतं मी." वन्संनी जग पालथा घातला. "जरा जास्तच चांगलं ठेवलं."

लतिकाबाईंना हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदम आलं, आणि डोळ्यांत लिंबाचा हात गेल्यामुळे रडण्याला निमित्तही मिळालं.

"पहिल्या वाढदिवसाला अर्धी रजा टाकली होती मी," वन्सं म्हणाल्या. "स्टेशनवर येऊन उभी राहिले. दोन गाड्या बघितल्या. दुसऱ्या वर्षी नुसती गाडीची वेळ बघितली. मग वाटलं, नको असतील माझे पैसे. एकट्या बाईचा पैसा लेकराला लावू नये, असंही असतं काहींच्यात."

"वन्सं! काहीतरीच काय!"

"मग पाटल्या मोडल्यास ते कळलं. चिंतामणनं फोनवर सांगितलं. तेव्हा तर खात्रीच पटली. म्हटलं, हातातलं सोनं विकेल, पण माझं पासबुक काढणार नाही ही बाई."

लतिकाबाईंनी आपल्या मनगटांकडे पाहिलं. पुढे पुन्हा पाटल्या केल्या होत्या, पण पोकळ. पहिल्यांचं वजन हाताला अजून आठवत होतं.

"आणि मी बत्तीस वर्षं म्हणत आले," त्या म्हणाल्या, "की सख्खी आत्या असून लेमन सेट दिला."

"कुणाला म्हणत आलीस?"

लतिकाबाईंनी लिंबाच्या बिया काढायला सुरुवात केली. "सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

"हं," वन्सं म्हणाल्या. पण हा ‘हं’ नेहमीचा नव्हता. त्याच्या शेवटाला काहीतरी हललं. वन्संनी काखेतलं खोकं ओट्यावर ठेवलं, बुडाची यादी वरपासून खालपर्यंत वाचली, ‘नेहमीसारखंच’पाशी थोडं थांबल्या आणि भुवई वर केली. लतिकाबाईंनी मान खाली घातली. मग वन्संनी झाकणाची आतली घडी उलगडून त्यांच्यापुढे धरली. तिथं गोल, सुबक, फळ्यावरच्या अक्षरात एक ओळ होती: ‘मुख्याध्यापिका. निरोप समारंभ.’

लतिकाबाईंनी दोनदा वाचलं.

"म्हणजे हा तुम्हालाही..."

"विकत थोडाच घेतला होता? बाईंनी निवृत्त होताना दिलेला. माझ्या पगारात एक तर पासबुक, नाहीतर लेमन सेट." वन्संनी घडी पुन्हा नीट आत बसवली. "आणि खूण नेहमी आतून करावी गं. बुडाला केली की सगळ्या गावाला दिसते."

हे मात्र अती झालं. लतिकाबाई ओट्याला धरून हसायला लागल्या, आणि त्यांना हसताना बघून वन्सं तोंडाला पदर लावून हसल्या. बाहेरून चिंतामणरावांनी "काय झालं गं?" म्हणून दोनदा विचारलं. 

हसू ओसरल्यावर लतिकाबाईंनी साखर काढली. जग कोरडा केला, त्यात पाणी ओतलं, लिंबं पिळली. चमचा ढवळता ढवळता मनात घोळत होतं ते शेवटी तोंडावाटे आलंच.

"मग पुढे भर घालायची ती... राहूनच गेली म्हणा."

"बाजूला काढत होते मी. दर वाढदिवसाला. गौरांग अठरा वर्षांचा होईपर्यंत."

"आणि मग?"

"मग कुणी आलं नाही. त्या वर्षी पाऊस असा झोडपत होता की घरात सात ठिकाणी पातेली मांडली होती. म्हटलं, झालं तेवढं पुरे. घरावर नवे पत्रे घातले." वन्संनी चष्मा सारखा केला. "गौरांगच्या कॉलेजचे पत्रे आहेत ते. अजून थेंब गळत नाही."

 लतिकाबाईंनी सरबताची चव पाहिली, चिमूटभर मीठ घातलं आणि दोन ग्लास भरले. बत्तीस वर्षं सहा घरांच्या माळ्यांवर फिरलेल्या ग्लासांत पहिल्यांदाच काहीतरी पडलं. वन्संनी एक घोट घेतला.

"साखर कमी आहे."

"तुम्हाला गोड चालत नाही, म्हणून."

"ते माहीत आहे तुला?"

"असं कसं! आमच्याकडे जेवायला यायचात तेव्हा श्रीखंड बाजूला सारायचात. मला वाटायचं, माझं केलेलं आवडत नाही."

वन्संनी ग्लास खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बत्तीस वर्षांत या दोन बायकांनी एकमेकींना काय काय विचारलं नव्हतं, त्याची यादी खोक्याच्या बुडावर मावली नसती.

तेवढ्यात संपदा इराला कडेवर घेऊन आली. पोरीच्या कोपरापर्यंत केक. "आत्या, हिला धरता जरा?" ती म्हणाली. "आणि तुमचंही करायचं राहिलंय. बाबा म्हणाले, क्यूआर कसं करायचं ते आत्यांना दाखव."

वन्संनी इराला घेतलं. इरानं केकचा हात त्यांच्या चष्म्यावर ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

"मला येतं ते," त्या म्हणाल्या. "पण फोनवरून नाही करायचं मला. एकदा खोक्यात घालून दिलं होतं, ते पोचलं नाही. या वेळी हातात देईन." मग लतिकाबाईंकडे वळल्या. "मला सांग, हिच्या पुढच्या वाढदिवसाला माझ्याकडे काय घेऊन येशील? आता तर म्हणे पासबुकच नसतं."

"हिलाच घेऊन येईन की," लतिकाबाई म्हणाल्या. "दुपारच्या गाडीनं. तुम्ही नका येऊ स्टेशनवर, आम्ही येऊ बरोबर."

"येईन मी स्टेशनवर."

"बरं."

"आणि ते जुनं पासबुक घेऊन ये," वन्सं म्हणाल्या. चष्म्याच्या एका काचेवर केक होता, दुसऱ्या काचेतून त्या लतिकाबाईंकडे बघत होत्या. "पाचशे एकचं काय झालं ते विचारू. पोस्ट अजून शाळेच्या समोरच आहे."